रडणारे बाळ कोणाचे?



ऑगस्ट संपत आला की आपल्या धर्मग्रामात प्रवासाचे वारे वाहू लागतात. कुणी वेलंकनीची तिकिटे काढलेली असतात, कुणी ८ सप्टेंबरनंतर भरणाऱ्या मोत मावलीच्या जत्रेला वांद्र्याला निघतात, तर सुट्टीवर आलेली आखातातली कुटुंबे परतीच्या विमानाची तयारी करीत असतात. निघण्यापूर्वी आशीर्वाद घ्यायला येणाऱ्यांत तान्ही बाळे असलेली तरुण जोडपी बरीच असतात. झबली, दुपटी, गरम पाण्याचा फ्लास्क, औषधाची पिशवी, सारे भरून झालेले असते. काळजी मात्र एकच उरलेली असते : “फादर, बाळ गाडीत रडायला लागले तर लोक काय म्हणतील?”

लोक काय म्हणतात हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. काही जण म्हणतात, “एवढ्या लहान मुलांना घेऊन बाहेर पडतातच कशाला?” त्यावर आईबापांचे उत्तरही ठरलेले असते, “मूल आहे, रडणारच!” ही दोन्ही वाक्ये इतकी सरावाची झाली आहेत की त्यांच्यापुढे विचार जात नाही. म्हणून या रविवारी आपण हा प्रश्न थोडा नीट पाहू या. रडणाऱ्या बाळाचा त्रास कोणी सोसायचा? केवळ आईबापांनी, की आपण सर्वांनी?

प्रथम रडणे म्हणजे काय ते पाहू. जन्मानंतर बाळाचे रडणे दिवसेंदिवस वाढत जाते, साधारण सहाव्या आठवड्यात ते सर्वाधिक असते आणि तीन-चार महिन्यांनंतर कमी होते. निरोगी बाळांचाही हाच क्रम असतो. विमान खाली उतरू लागले की हवेचा दाब बदलून कानांत दडा बसतो. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो, गोळी चघळतो. बाळाला यातले काही कळत नाही. आईने त्या वेळी अंगावर पाजले तर गिळण्यामुळे त्याचा कान मोकळा होतो. तोवर त्याच्यापाशी रडणे हा एकच शब्द असतो. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथाच्या आरंभीच स्वतःच्या तान्हेपणाचा विचार केला आहे. ते दिवस त्यांना आठवत नव्हते. वडीलधाऱ्यांनी सांगितलेले ऐकून आणि इतर बाळांना न्याहाळून त्यांनी ते जाणले. मनातले सांगता येत नाही, मोठ्यांना ते उमगत नाही, म्हणून बाळ हातपाय झाडते आणि रडते, असे त्यांच्या ध्यानात आले.

ख्रिस्तसभेची नीतिशिकवण सांगते की, पूर्ण जाणीव आणि मनापासून दिलेली संमती यांवाचून कुणावर गंभीर दोष ठेवता येत नाही. बाळापाशी यांतले काहीच नाही. म्हणून येथे आपण दोन शब्द वेगळे ठेवले पाहिजेत : त्रास आणि अन्याय. बाळाच्या रडण्याने शेजारच्या प्रवाशाला त्रास होतो हे खरेच आहे. रात्रपाळी करून आलेल्या माणसाची झोप मोडली तर त्याचे डोके दुखणारच. त्याला स्वार्थी म्हणणे बरोबर नाही. पण त्रास झाला म्हणजे कुणीतरी आपल्यावर अन्याय केला असे होत नाही. पावसाचाही त्रास होतो. आपला राग बहुधा येथेच चुकतो. झालेल्या त्रासाला तो एक गुन्हेगार शोधतो, आणि समोर घामाघूम झालेली आई सापडते.

यावर एक युक्तिवाद केला जातो. “मूल हवे हा त्यांचा निर्णय. त्याचे ओझे आमच्यावर का?” आजच्या काळात हा युक्तिवाद वजनदार वाटतो. काही विमान कंपन्यांनी लहान मुलांना बसू न देणाऱ्या शांत रांगा ठेवल्या, आपल्या देशातही २०१६ साली तसे झाले. याला आपण सहसा उत्तर देतो की, “तुम्हीही कधी लहान होता, तुम्हालाही कुणीतरी सोसले.” हे उत्तर चांगले आहे, पण अपुरे आहे. समोरचा म्हणू शकतो, “मी ते ऋण मागून घेतले नव्हते.”

जर्मन तत्त्वज्ञ हान्स योनास येथे आपल्याला पुढे नेतात. त्यांची आई आउशवित्झच्या छळछावणीत मारली गेली. माणूस माणसाला नकोसा ठरवू लागला की काय होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जबाबदारीचा विचार करताना त्यांनी सर्वांत स्पष्ट उदाहरण निवडले ते नवजात बाळाचे. सर्वच जबाबदाऱ्या करारातून किंवा देवाणघेवाणीतून निर्माण होत नाहीत, असे ते दाखवतात. बाळाने काही वचन दिलेले नसते, ते काही परत करू शकत नाही. तरी त्याचा नुसता श्वास चालू असणे हीच भोवतालच्या जगाला केलेली मागणी असते. ‘जगाला’ हा शब्द आपण लक्षात ठेवू या. पहिली जबाबदारी आईबापांचीच. पण मूल त्यांच्या हाताबाहेरच्या जागी असते, गाडीत, इस्पितळात, चर्चमध्ये, तेव्हा जो जवळ आहे त्याच्यापाशीही ती मागणी येऊन पोहोचते. आपला शेजारी कोण, या प्रश्नाला प्रभू येशूने भल्या शोमरोन्याच्या दाखल्यात दिलेले उत्तर याहून वेगळे नाही. त्या शोमरोन्याचा जखमी माणसाशी कसला करार होता?

शुभवर्तमानातही मुलांसह केलेले प्रवास आहेत. संत लूक सांगतात की येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमहून परतीच्या वाटेवर मरिया आणि योसेफ दिवसभर चालले, तेव्हा कुठे तो आपल्यात नाही असे त्यांच्या लक्षात आले. आजच्या आईला हे वाचून नवल वाटते. दिवसभर मुलाची चौकशी नाही? परंतु तो बरोबरच्या मंडळींत असेल असे त्यांना वाटले, आणि मग त्यांनी त्याला नातेवाइकांत व ओळखीच्यांत शोधले. त्या तांड्यात मूल एका घरापुरते नव्हते. कुणाच्याही पंगतीला बसलेले, कुणाच्याही पोरांबरोबर चालणारे असे ते सर्वांचे होते. आपल्या लांबच्या गाड्यांच्या डब्यांतही हा तांडा अजून थोडासा शिल्लक आहे. दोन बर्थच्या मध्ये जुन्या सुती साडीची झोळी बांधतात, अनोळखी आजी तिला झोका देते, खालचा बर्थ कुणी न मागता सोडतो. पाच वर्षांखालील मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पण मागितल्याशिवाय वेगळी जागाही मिळत नाही. म्हणजे ते झोपते ते आईच्या अर्ध्या बर्थवर. मे २०२२ मध्ये उत्तर रेल्वेने लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेला बाळाचा छोटा बर्थ प्रायोगिक तत्त्वावर बसवला होता. असे प्रयत्न स्वागतार्हच आहेत. पण बर्थ बदलून देणारा सहप्रवासी कोणत्याही नियमाने निर्माण करता येत नाही.

आता आईबापांकडे वळू. सहा आठवड्यांच्या बाळाचे रडणे वेगळे आणि सहा वर्षांच्या मुलाने पुढच्या आसनाला लाथा मारणे वेगळे. सहा वर्षांच्या मुलाला समजावता येते, आणि न समजावणे ही प्रेमातली कसूर होय. मूल गप्प बसावे म्हणून त्याच्या हाती मोबाईल देऊन डबाभर आवाज करू देणे, याला “मूल आहे” हे उत्तर चालणार नाही. तो निर्णय मोठ्यांचा असतो. आईबापांकडून यश मागता येत नाही, प्रयत्न मात्र मागता येतो. बाळाला खांद्यावर घेऊन डब्याच्या दारापर्यंत फेऱ्या घालणाऱ्या बापाने आपले कर्तव्य केले आहे, बाळ शांत होवो वा न होवो.

आणखी एक कर्तव्य खुद्द बाळाविषयीचे आहे, ते नवसाच्या भरात विसरले जाते. “बाळ झाले तर त्याला मातेच्या पायांवर घालू” असा नवस केलेला असतो, आणि दोन महिन्यांच्या बाळाला वेलंकनीच्या लांबच्या प्रवासाला आणि यात्रेच्या गर्दीत न्यायचे ठरते. ख्रिस्तसभेचा कायदा याबाबत फार समंजस आहे. कलम ११९१ प्रमाणे नवस म्हणजे शक्य असलेल्या आणि अधिक चांगल्या गोष्टीचे देवाला दिलेले वचन. ज्यात बाळाच्या जिवाला धोका, ती गोष्ट अधिक चांगली कशी? कलम ११९३ म्हणते की नवस करणाऱ्यालाच तो बांधतो. बाळाने नवस केलेला नाही. आणि कलम ११९६ नुसार योग्य कारण असल्यास धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू नवसातून मोकळीक देऊ शकतो. तेव्हा डॉक्टर नको म्हणत असतील तर भीत भीत निघू नका, आमच्याकडे या. मरियामाता स्वतः आई आहे. तिने चाळीस दिवसांचे बाळ मंदिरात नेले ते बेथलेहेमहून जेमतेम नऊ किलोमीटरवर. इजिप्तचा दूरचा रस्ता तिने धरला तो हेरोदापासून बाळाचा जीव वाचवण्यासाठी.

शेवटी आपल्या चर्चविषयी. बाळ लहान आहे म्हणून मिस्सा चुकली की कित्येक आया कबुली द्यायला येतात. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या २१८१ व्या परिच्छेदात रविवारच्या मिस्साच्या बंधनातून सूट मिळण्याच्या गंभीर कारणांत आजारपणाबरोबर तान्ह्या बाळांची देखभाल स्पष्ट नमूद आहे. भगिनींनो, मनावर ओझे घेऊ नका. पण सूट आहे याचा अर्थ तुम्ही घरीच थांबावे अशी आमची इच्छा आहे असा कुणी काढू नये. आयांनी मुले येशूकडे आणली तेव्हा त्यांना दटावणारे शिष्यच होते, आणि येशू रागावला तो शिष्यांवर. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१४ मध्ये सिस्टाइन चॅपेलमध्ये बाळांना स्नानसंस्कार देताना आयांना सांगितले होते की बाळ भुकेले असेल तर संकोच न करता येथेच पाजा. मायकेलअँजेलोच्या चित्रांखाली जे चालते ते आपल्या कौलांखालीही चालावे.

म्हणून थोडे मागणे. प्रवचनाच्या वेळी बाळ रडले तर मागे वळून पाहू नका. आम्ही आवाज चढवू किंवा क्षणभर थांबू. बाजूच्या दाराजवळची शेवटची दोन बाके तान्ह्या बाळांच्या आयांसाठी मोकळी ठेवा. आणि मिस्सा चालू असताना अंगणात गप्पा मारणाऱ्या बाबांनी आत येऊन बाळाला आपल्या खांद्यावर घ्यावे, म्हणजे आईला परमप्रसाद तरी शांतपणे घेता येईल.

या दिवसांत प्रवासाला निघणाऱ्या सर्व कुटुंबांना पवित्र कुटुंबाची सोबत लाभो. त्यांच्या डब्यात एखादी झोका देणारी आजी भेटो, आणि ज्यांच्या घरी आज पाळणा नाही त्यांना दुसऱ्याचे बाळ उचलून घेण्याचे सुख मिळो. प्रभू तुमचे येणे-जाणे सुखाचे करो.