हिरवा पट्टा

मध्ययुगीन युरोपातल्या कथांमधले नाइट म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते चिलखत घातलेले, दिल्या शब्दाला जागणारे वीर. प्रत्यक्षात त्या कथा वाचाव्यात तर शब्दाला चुकलेलेच जास्त भेटतात. लान्सलॉट आपल्याच राजाच्या, आर्थरच्या, राणीत गुंततो. थॉमस मॅलरीच्या ग्रंथात तरुण गवेन शरण आलेल्या माणसाला जीवदान नाकारतो आणि त्याला वाचवायला मध्ये पडलेल्या स्त्रीचंच शिर त्याच्या तलवारीने उडतं. ते शिर गळ्यात बांधून त्याला दरबारात परतावं लागतं. 1485 साली विल्यम कॅक्स्टनने छापलेला हा ग्रंथ लिहिणारा मॅलरी स्वतः नाइट होता, आणि कैदीही.

पण माझं मन अडकतं ते याच गवेनच्या एका फार लहान चुकीपाशी. ती कथा वेगळी. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, इंग्लंडच्या वायव्येकडच्या बोलीत, एका अनाम कवीने ती 2530 ओळींत सांगितली. तिचं एकच हस्तलिखित उरलं आहे. ते ज्या संग्रहात होतं त्याला 1731 साली आग लागली, त्यातून ते वाचलं.

नववर्षाच्या मेजवानीत आर्थरच्या दरबारात एक हिरवा नाइट घोड्यासकट शिरतो. हातात कुऱ्हाड. माझ्या मानेवर एक घाव घाला, वर्षाने मी तो परत करीन, अशी त्याची अट. गवेन पुढे होतो आणि त्याचं डोकं उडवतो. तो नाइट ते उचलतो, ते डोकं गवेनला ‘हरित प्रार्थनागृहात’ यायचं बजावतं, आणि स्वार निघून जातो. वर्ष सरत आलं की गवेन थंडीवाऱ्यात ती जागा शोधत निघतो. ढालीवर एका अखंड रेषेने काढलेला पाच टोकांचा तारा. त्याच्या सगळ्या सद्गुणांची ती खूण.

वाटेत एका गढीत त्याचं अगत्याने स्वागत होतं. गढीचा धनी हसत हसत एक खेळ सुचवतो: दिवसभरात मला शिकारीत जे मिळेल ते तुझं, तुला इथे घरात जे मिळेल ते माझं. तीन दिवस धनी रानात जातो आणि त्याची देखणी पत्नी पाहुण्याच्या दालनात येते. तिचा मान राखायचा आणि यजमानाशी दगाही करायचा नाही, ही कसरत गवेन उत्तम सांभाळतो. मिळालेली चुंबनं तो संध्याकाळी प्रामाणिकपणे धन्याला देऊन टाकतो. तिसऱ्या दिवशी ती सोन्याची अंगठी देऊ करते. नको म्हणतो. हिरवा रेशमी कमरपट्टा देऊ करते. तोही नको. मग ती सांगते, हा ज्याच्या अंगावर आहे त्याला कुणीही मारू शकत नाही. दुसऱ्याच दिवशी कुऱ्हाडीखाली मान द्यायची आहे. तो पट्टा घेतो आणि नवऱ्याला सांगणार नाही असं तिला कबूल करतो.

त्याच दिवशी तो पाद्र्यापुढे पापांची कबुलीही देऊन येतो. पट्टा मात्र त्याच्याजवळच राहतो. संध्याकाळी तो निळा झगा घालून धन्याला सामोरा येतो. आधीच्या दोन्ही दिवशी धनी आपली शिकार पुढे करी, मग गवेन आपलं देणं देई. आज गवेनच घाई करतो. आज मी आधी देतो, म्हणत तीन चुंबनं देऊन मोकळा होतो. पट्ट्याबद्दल अवाक्षर नाही. कवी यावर काही भाष्य करत नाही, पण ती घाई मला सगळ्या कवितेतली सर्वांत खरी जागा वाटते. मनात काही लपवलेला माणूस असाच उतावीळ होतो.

दुसऱ्या दिवशी वाटाड्या म्हणतो, पळून जा, मी कुणाला सांगणार नाही. गवेन पळत नाही. कुऱ्हाडीखाली एकदा दचकतो, मग निश्चल राहतो. तिसरा घाव मानेवर नुसती चीर पाडतो आणि बर्फावर रक्त पडतं. हिरवा नाइट म्हणजे तोच गढीचा धनी, बर्टिलाक. ही चीर पट्ट्यासाठी, तो सांगतो. खरी परीक्षा इथे नव्हतीच, ती गढीतल्या त्या खेळात होऊन गेली होती. गवेनने मन घट्ट केलं ते कुऱ्हाडीसाठी. घसरला शेकोटीच्या उबेत. बर्टिलाक त्याला फारसा दोष देत नाही. तुला जीव प्यारा होता, एवढंच, म्हणतो. मला हे वाक्य फार दयाळू आणि न्यायाचं वाटतं.

गवेनला नाही वाटत. तो शरमेने लाल होतो, पट्टा फेकतो, स्वतःला भित्रा म्हणतो. आणि लगेच बायकांच्या कपटाला दूषणं देत बायबलमधल्या आदम, सॅमसन यांची नावं घेतो. ही त्याची दुसरी घसरण, आणि माझ्या मते पहिलीहून वाईट. जीव प्यारा असणं समजतं; आपला दोष दुसऱ्याच्या पदरी टाकणं नाही. तरी शेवटी तो पट्टा अंगावर घालूनच परततो आणि भर दरबारात सगळं सांगतो.

दरबार हसतो. त्याला धीर देतो आणि ठरवतो की आपण सगळ्यांनीच असा हिरवा पट्टा घालायचा. तो मानाचा मानला जातो. त्यात प्रेम आहे हे मी नाकारत नाही. पण गवेनने आपलं उणं मोकळेपणी सांगितलं होतं. पट्टा बांधून घेणाऱ्यांपैकी कुणी स्वतःचं काही सांगितल्याचं कवी लिहीत नाही.