पाळकाचा पगार, पाळकाचं मन

भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ सालचा. सर्वसाधारणपणे लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळातच लागलं पाहिजे, असं त्यात एक कलम आहे. मावळातल्या एखाद्या लहान मंडळीच्या पाळकाला ते तोंडपाठ असतं, कारण वऱ्हाडाची बस घाटात अडकली की घड्याळाकडे बघत बसण्याचं काम त्याच्याच वाट्याला येतं. लग्न लावायचं, रजिस्टर भरायचं, साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. ट्रस्टचा हिशेब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत वेळेत पोचेल हे बघायचं. जून लागायच्या आत छपराचे पत्रे ठाकठीक करून घ्यायचे. लोणावळ्याचा पाऊस देवळाचीही गय करत नाही. दफनभूमीच्या कुंपणावरून कटकट झाली तर तलाठ्याकडे खेपा घालायच्या. कोणी अत्यवस्थ असेल तर रात्री दोन वाजताही निघायचं. आणि एवढं सगळं उरकून रविवारी पुलपिटावरून असं काही बोलायचं की ऐकणाऱ्याच्या जिवाला आधार वाटावा.

या सगळ्याला हल्ली 'नेतृत्व' म्हणतात आणि त्याची शिबिरंही भरतात. त्यांच्याविषयी मला फारसा उत्साह नाही. कंपनीतल्या मॅनेजरसाठी तयार केलेल्या पाठाच्या आधी आणि नंतर प्रार्थना जोडली, म्हणजे तो पाळकाचा पाठ होत नाही. पाळक कसा असावा हा प्रश्न महाराष्ट्रात आज उपटलेला नाही. गेली पावणेदोनशे वर्षं तो चघळला जातोय आणि दर पिढीने त्याचं वेगळं उत्तर दिलं आहे. गंमत अशी, की दर वेळी चर्चा अध्यात्माची चालली आणि शेवटी येऊन अडली ती पगारापाशी.

अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईला पोचले. १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणं झालं. पुढची वीस-बावीस वर्षं मंडळीचा पाळक म्हणजे गोरा साहेब आणि त्याच्या हाताखाली पगारी एतद्देशीय मदतनीस, अशीच रचना होती. १८५४ च्या अखेरीस मिशनच्या बोस्टन कचेरीचे सेक्रेटरी रूफस अँडरसन पाहणीला आले. मंडळीने आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण उचलावा आणि आपला प्रसारही आपणच करावा, हे त्यांचं मत. लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन तेच म्हणत होते. नगरचे हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना त्याच सुमारास पाळकपदाची दीक्षा मिळाली.

अँडरसनसाहेबांचं अर्धं म्हणणं मला पटतं. ज्या मंडळीचा पाळक बाहेरून नेमला जातो ती कायम पाहुण्यासारखी वागते, हे त्यांनी अचूक हेरलं होतं. पण त्याच दौऱ्यात त्यांनी मिशनच्या इंग्रजी शाळांवर कात्री चालवली. पाळकाला मराठी पुरे, असा हिशेब. इथल्या माणसाने किती शिकावं हे बोस्टनहून आलेल्या माणसाने ठरवायचं आणि त्याला स्वावलंबन म्हणायचं, हा विनोद त्या वेळी फार जणांच्या ध्यानात आला नसावा.

स्वावलंबनाची खरी अडचण निराळीच निघाली. पुढच्या पन्नास वर्षांत मंडळीत आले ते बहुतेक महार-मांग वस्त्यांतले, दुष्काळात होरपळलेले लोक. ज्यांच्या चुलीवर दोन वेळा आधण चढायची मारामार, त्यांनी पाळकाचा संसार कशावर चालवायचा? म्हणून पाळक गावचा, पगार मिशनचा. ज्याचा पगार त्याचा शब्द, हे सांगायला नकोच. १८७८ मध्ये रॉबर्ट ह्यूम यांनी नगरला पाळक तयार करण्यासाठी सेमिनरी काढली. तिथून शिकलेली माणसं बाहेर पडू लागली, पण पहिल्या तारखेला त्यांची नजर मिशनच्या बंगल्याकडेच लागलेली असे.

पुणे जिल्ह्यात या कोंडीतून वाट काढली ती ज्या व्यक्तीने, तिला पाळकपदाची दीक्षा कधी मिळालीच नाही. बाईला ती मिळण्याचा तो काळ नव्हता. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं, आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींना खायला काय घालायचं, निजवायचं कुठे, शिकवायचं काय, हे प्रश्न एकाच दिवशी दारात उभे. रमाबाईंनी शेती केली, विणकाम सुरू केलं, छापखाना घातला. मूळ हिब्रू-ग्रीकवरून स्वतः केलेल्या मराठी बायबलचे खिळे आश्रमातल्या मुलींकडून जुळवून घेतले. १९०५ मध्ये केडगावला प्रार्थनेची लाट उसळली, तिची कीर्ती जगभर गेली. लोक त्या लाटेबद्दल बोलतात. मला धान्याच्या हिशेबाची वही आणि प्रार्थना एकाच हाताखाली होती, ही गोष्ट जास्त मोठी वाटते. पैसा बराचसा बाहेरून येई, पण त्याबरोबर येणारे हुकूम बाईंनी फारसे चालू दिले नाहीत.

नारायण वामन टिळकांनी तर पगाराच्या मुळावरच घाव घातला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. नगरच्या सेमिनरीत त्यांनी शिकवलं, मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाची मराठी बाजू सांभाळली, कीर्तनं केली, अभंग लिहिले. मराठी मंडळ्यांत 'उपासना संगीत' उघडलं की आजही त्यांची गीतं पदोपदी भेटतात. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते म्हणत. पाळकाने इथल्या माणसाशी इथल्या सुरात बोलावं, ही आज साधी वाटणारी गोष्ट त्यांनी करून दाखवली, तेव्हा ती साधी नव्हती. पण सूर मराठी आणि वेतन अमेरिकन, ही विसंगती त्यांना डाचत राहिली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने राहू लागले, आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. पुढारी म्हणजे नेमलेला अधिकारी नव्हे, ज्याच्याभोवती माणसं आपण होऊन बसतात तो, अशी ही कल्पना. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. माणसाभोवती उभं राहिलेलं काम माणसाबरोबर ओसरतं, याची किंमत त्यांनी लावली नव्हती.

दुसरी एक किंमतही त्यांनी लावली नव्हती. ती त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचताना पानोपानी जाणवते. टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. आला की कोणाच्या तरी गरजेला गेला. लोकांनी त्यांना संत मानलं, आणि संतांच्या घरी उद्याचं पीठ कुठून आणायचं याची काळजी लक्ष्मीबाईंनी वाहिली. पाळकाच्या नेतृत्वावर लिहिणाऱ्यांनी धर्मशास्त्राच्या चार पुस्तकांआधी हे पुस्तक वाचावं, असं माझं मत आहे.

त्यानंतरचा काळ संस्थांचा. कॅथलिकांची पेपल सेमिनरी १९५५ मध्ये कँडीहून पुण्याला आली. १९५३ मध्ये यवतमाळला निघालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यात बिबवेवाडीला आली. मधल्या काळात, १९७० मध्ये, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया नागपूरला स्थापन झालं. हिब्रू, ग्रीक, मंडळीचा इतिहास, उपदेशशास्त्र, सगळं रीतसर. मात्र समोरचा माणूस रडत असताना किती वेळ गप्प बसायचं, किंवा आपल्यालाच रविवारी सकाळी देवाविषयी काही वाटेनासं झालं तर काय करायचं, याचा पेपर नसे.

हा पेपर लोणावळ्यात काढला गेला. अँथनी डिमेलो १९३१ मध्ये मुंबईत जन्मले, १९४७ मध्ये येशूसंघात गेले. तत्त्वज्ञान बार्सिलोनात, ईश्वरविद्या पुण्यात, समुपदेशन शिकागोत. संत इग्नेशियसच्या तीस दिवसांच्या एकांतसाधनेचे मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव आधीच झालेलं होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, १९६२ ते ६५ या काळात, धर्मगुरूच्या पायाखालची जुनी फरशी उचकटली होती. लॅटिन जाऊन लोकभाषा आली, अधिकार जाऊन सेवा आली. निदान कागदावर आली. पुष्कळ फादर आणि सिस्टर गोंधळले, कित्येकांनी व्रत सोडलं. अशा वेळी, १९७२ च्या सुमाराला, डिमेलोंनी पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात धर्मगुरूंच्या समुपदेशनाची संस्था सुरू केली. पुढे ती 'साधना' या नावाने ओळखली जाऊ लागली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस लोणावळ्याला हलली.

कार्ले, भाजे, बेडशाच्या लेण्यांत भिक्षू राहिले, भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबा बसले, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं तेही लोणावळ्यातच. यावरून मातीच्या गुणाचा सिद्धांत मांडायचा मोह होतो. तो मी टाळतो. १८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग पुरा झाल्यापासून मुंबई-पुणे दोन्हीकडून इथे गाडीने येता येतं आणि इथला उन्हाळा सोसवतो, एवढं कारण मला पुरतं.

'साधना'चा लांब पल्ल्याचा वर्ग नऊ महिन्यांचा असे, लहान एका महिन्याचा. सुरुवात कशाने व्हायची हे डिमेलोंच्या १९७८ च्या 'साधना' या पुस्तकावरून समजतं. डोळे मिटायचे. खांद्याला सदरा टेकला आहे, तो स्पर्श जाणवतो का बघायचं. मग पाठीला खुर्ची. मग मांडीवर ठेवलेले हात. मग श्वास, नुसता येणारा आणि जाणारा. वीस-वीस वर्षं मिस्सा अर्पण केलेले फादर इथे अडखळत. देवाविषयी तासभर बोलणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं, पाच मिनिटं स्वतःच्या खांद्यापाशी थांबणं नव्हतं. त्यानंतर गटात बसायचं आणि झगा बाजूला ठेवून बोलायचं: राग कोणाचा येतो, बिशपांची भीती का वाटते, लोकांनी वाखाणलं नाही की दिवस का खराब जातो. गुजरातीत लिहिणारे अहमदाबादचे फादर वालेस हे डिमेलोंच्या सहवासातले. त्यांच्या पुस्तकात दिसतो तो गुरू शिष्यांना जवळ घेण्याऐवजी त्यांच्या कुबड्या काढून घेणारा आहे, त्यात स्वतः गुरूही आला.

नेतृत्वाच्या कल्पनेतलं हे मोठं वळण होतं. दुसऱ्याला सांभाळणाऱ्यालाही सांभाळण्याची गरज असते, आणि जो स्वतःचा राग ओळखत नाही तो तो मंडळीवर काढतो, ही गोष्ट अभ्यासक्रमात आली. पण सगळं आलबेल नव्हतं. २४ जून १९९८ रोजी, डिमेलो जाऊन अकरा वर्षं झाल्यावर, कार्डिनल रॅट्झिंगर यांच्या सहीने व्हॅटिकनची सूचना निघाली. सुरुवातीच्या लेखनाचं बरंचसं श्रेय मान्य करून, पुढचं लेखन ख्रिस्ती श्रद्धेपासून दूर सरकत गेलं आहे, असं तीत म्हटलं होतं. तिच्यावर पुष्कळ शाई खर्च झाली. माझा आक्षेप त्याहून बाळबोध आहे. नऊ महिने बाहेर राहता येतं कोणाला? ज्याच्यामागे संघ आहे, ज्याला बायकामुलं नाहीत, ज्याच्या धर्मग्रामात बदली फादर पाठवता येतो त्याला. डिमेलोंच्या वर्गात पगाराचा प्रश्न आलाच नाही, कारण तो आधीच कोणीतरी सोडवलेला होता.

मावळातल्या प्रॉटेस्टंट पाळकाचं तसं नाही. त्याचा पगार वर्गणी आणि दशांशातून निघतो, तोही रडतखडत. मेथडिस्ट असेल तर वार्षिक परिषदेत बदलीची यादी वाचली जाईपर्यंत जीव टांगणीला. मुलांची शाळा, म्हातारे आईवडील, आणि पाळकीणबाई. त्या संडेस्कूल घेतात, महिला मंडळ चालवतात, कोणीही आलं की चहा टाकतात, आणि यातल्या कशाचाही पगार नाही. लक्ष्मीबाईंपासून आजपर्यंत या एका बाबतीत फार फरक पडलेला नाही.

तरी लोणावळ्यातलं ते शिक्षण या पाळकांपर्यंत पोचू शकतं. नऊ महिने नकोत, एक महिना पुरे. तळेगाव, कामशेत, लोणावळा अशा शेजारच्या चार मंडळ्यांनी पंथाचा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवून दर वर्षी एका पाळकाचा खर्च वाटून घ्यावा. चार रविवारांचा उपदेश वडीलमंडळींनी आणि शिकलेल्या तरुणांनी करावा. त्यांनाही कळेल पुलपिटावरून खाली बघताना पोटात काय होतं. लग्नं आली तर शेजारच्या मंडळीच्या परवानाधारक पाळकाने लावावीत. ट्रस्टचं वर्ष मार्चअखेर संपतं, तेव्हा महिना तेवढा सोडून निवडावा. बैठकीत भांडण होईल ते वेगळ्याच बाबीवर: पाळकीणबाईंचा खर्च यात धरायचा की नाही. तो धरायचा, आणि त्यांचा महिना पाळकाच्या महिन्याआधी ठरवायचा.