सभाभय आणि नारदाची गादी

सभेसमोर उभे राहताना वाटणारे भय अहंकारातून, म्हणजे कर्तेपणाच्या जाणिवेतून, उपजते आणि म्हणूनच ते केवळ सरावाने पुरते ओसरत नाही. नारदीय कीर्तनात कीर्तनकार उभा राहतो ती जागा नारदाची गादी मानली जाते; तो आरंभी नमन करतो, पूर्वरंगात तत्त्वनिरूपण करतो, आणि आख्यानाचा उत्तररंग सुरू होण्याआधी त्याला बुक्का लावून हार घातला जातो, तेव्हा तो मान त्याला नव्हे, त्या गादीला असतो; अशा रीतीने कर्तेपणा गादीला अर्पण होतो. भगवद्गीतेने दुसऱ्या अध्यायाच्या 47व्या श्लोकात फळावरचा अधिकार नाकारला आहे, आणि त्या विचाराला येथे, श्रोत्यांच्या देखत, आचाराचे रूप मिळते. मात्र कर्तेपणाचे हे समर्पण तयारीतील ढिलाईची सबब ठरू नये. पाठांतर आणि ताल चोख ठेवून नवख्या कीर्तनकाराने भय असतानाही नमनाला उभे राहावे.