कढईनंतरचे हात

नायजेरियाच्या बाजारात गारीचे ढीग उघड्या परातींत शिगोशीग भरलेले असतात. गारी म्हणजे कसाव्याचा आंबवून भाजलेला रवा. (आपला साबुदाणाही याच कंदाचा.) कंद सोलून किसायचा, पोत्यात भरून वजनाखाली काही दिवस आंबू द्यायचा, मग चाळून मोठ्या कढईत कोरडा होईतो परतायचा. कच्च्या कंदातल्या लिनामरिनपासून सायनाइड सुटतं. या खटाटोपात ते बहुतांशी निघून जातं. विष उतरवण्याची ही रीत प्रयोगशाळेतून आलेली नाही, ती बायकांच्या हातांतली आहे.

अशा पदार्थांत प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू सापडले की बोट सहज विकणारीकडे वळतं. मला हे पटत नाही. कढईच्या धगीत बहुतेक जिवाणू मरतात. बॅसिलसचे बीजाणू तेवढे तग धरतात. बाकीचे येतात ते नंतर, गार करायला पसरलेल्या गारीवर, मापातून, हातांवरून. त्या हातांवरचा स्टॅफिलोकोकस औषधाला निर्ढावतो तो मात्र परातीत नव्हे. चिठ्ठीवाचून मिळालेल्या आणि अपुऱ्या मात्रेत घेतलेल्या गोळ्या त्याला निर्ढावून टाकतात. अपुऱ्या मात्रेचा हा धोका पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने 1945 सालच्या नोबेल व्याख्यानातच सांगितला होता.

शिवाय दाद न देणारे सगळेच घातक नसतात. गारी आंबवणारा लॅक्टोबॅसिलस प्लांटारम मुळातच व्हँकोमायसिन या प्रतिजैविकाला जुमानत नाही. ते त्याच्या पेशीभित्तीच्या घडणीमुळे, आणि तो गुण सहसा दुसऱ्याला देता येत नाही. प्लाझमिडवरचं, म्हणजे जिवाणूतल्या सुट्या डीएनएच्या कड्यावरचं जनुक मात्र एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातं, आपल्या आतड्यातही. हा भेद न करता नुसते आकडे छापणं म्हणजे भीती विकणं.

आणखी एक गैरसमज आहे. औषधाला न जुमानणारा जिवाणू आगीलाही जुमानत नाही, असं मुळीच नाही. उकळतं पाणी घालून घोटलेल्या गारीच्या गोळ्यात, म्हणजे एबात, त्यातले बरेच मरतात. पण गारी थंड पाण्यात भिजवून, साखर नि शेंगदाणे घालून तशीच खाणारेही पुष्कळ, विशेषतः खिशात पैसे कमी असलेले विद्यार्थी. जोखीम नेमकी त्यांच्या वाट्याला येते.

परातीवर झाकण हवं, हे खरंच. पण हात धुवायला बाजारात नळ हवा, तो विकणारीने कुठून आणायचा? आणि झाकण ठेवलं तरी गिऱ्हाईक ते उचलणारच. चिमूटभर तोंडात टाकून आंबटपणा पाहिल्याशिवाय सौदा होत नाही, आणि ती बोटं तिची नसतात.