पडू शकेल असं नाटक

बाबांचं वर्षश्राद्ध जवळ आलं आहे. पार्ल्यातल्या हौशी रंगभूमीपायी त्यांनी उभी हयात घालवली, त्यामुळे त्यांच्या नावाने नाटकासाठी काहीतरी करायचं यावर घरात एकमत आहे. काय करायचं यावर मात्र काकांचं आणि माझं पटत नाही. काका म्हणजे बाबांचे मित्र, बहुतेक नाटकांतले सहनट. परवा ते बाबांच्या जुन्या नाटकाची नक्कल घेऊनच आले. समासात बाबांची पेन्सिल: ‘इथे हशा. ओसरू दे, मग बोल.’

काका: दीनानाथ नाट्यगृहाला एक प्रयोग लावू. हेच नाटक, त्याने बसवलं होतं तसंच. नटाचं श्राद्ध नाटकानंच व्हावं.

मी: आणि बाबांची भूमिका?

काका: करेल कोणीतरी. मी बसवून घेईन.

मी: तिथेच अडतं. त्या मुलाने बाबांसारखं केलं तर लोक त्याला बघणारच नाहीत. वेगळं केलं तर तुम्हाला खपणार नाही. त्याने करायचं काय? त्यापेक्षा ते पैसे एखाद्या तरुण संस्थेला देऊ. नवी संहिता, तालमीची जागा, नाट्यगृहाचं भाडं.

काका: त्यात तुझा बाप कुठे आला?

मी: रुळांपलीकडे जुहूला बघा ना. पृथ्वीराज कपूरांनी १९४४ साली पृथ्वी थिएटर्स काढलं, गावोगाव फिरवलं, १९६० मध्ये ते बंद पडलं. प्रयोग संपला की स्वतः दाराशी झोळी पसरून मदतनिधीसाठी उभे राहायचे, पण हक्काचं नाट्यगृह त्यांना कधी मिळालं नाही. १९७२ मध्ये ते गेले. पुढे मुलगा शशी कपूर आणि सून जेनिफर यांनी जानकी कुटीरमध्ये पृथ्वी थिएटर बांधलं, ५ नोव्हेंबर १९७८ ला उघडलं. सुरुवातीला वडिलांचं ‘पठाण’ लावता आलं असतं, ‘दीवार’ लावता आलं असतं. लावलं गो. पु. देशपांड्यांचं ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, हिंदीतून. चौकशीला सामोरा जाणारा एक प्राध्यापक आणि त्याचं राजकारण. वडिलांच्या नाटकांशी त्याचं काही नातं नव्हतं.

काका: पण पाटीवर नाव पृथ्वीचंच ना? आपले पैसे एका मोसमात संपतील, मागे पाटीसुद्धा राहायची नाही. मंगेशकरांचं बघ. मास्टर दीनानाथ २४ एप्रिल १९४२ ला गेले, अवघे एक्केचाळीस वर्षांचे. त्यांची नाटक कंपनी, बलवंत संगीत मंडळी, सिनेमाच्या नादात आधीच बुडालेली, थोरली लता बारा वर्षांची. पण त्या पोरांनी बापाची पुण्यतिथी सोडली नाही.

मी: नाही सोडली. पण त्या दिवशी सन्मान होतो तो इतरांचा, त्यात नव्या नाटकाचाही. बापाची पदं मुलांच्या गळ्यात राहिली. ‘बलवंत’ मात्र कोणी पुन्हा उभी केली नाही, आणि त्यामुळे दीनानाथ उणे झाले असं कोणी म्हणत नाही.

काका: एक विचारू? नवं नाटक हे तुझंच वेड. बाबाच्या नावावर तू आपली हौस भागवत नाहीस ना?

मी: असेलही. त्यांना काय आवडलं असतं हे सांगताना आपण दोघंही आपल्याच मनातलं सांगतो. तुम्हाला तरी हेच नाटक कशाला हवंय?

काका: दुसऱ्या अंकात तो माझ्याकडे बघून थांबायचा. दर प्रयोगाला थोडा जास्त. माझं पुढचं वाक्य पाठ असायचं, तरी घशात अडकायचं. मला ते एकदा पुन्हा अनुभवायचंय.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. काकांचं दुःख माझ्यापेक्षा वेगळं आहे. माझे वडील गेले, काकांचा समोरचा नट गेला. ती जागा मी कोणाच्या देणगीने भरणार?

मी: पण काका, तो थांबा दुसरा कोणी घेईल तेव्हा तुम्हाला बाबा नाहीत हेच जास्त लागेल.

काका: लागू दे. आणि तुझ्या त्या पोरांचं नाटक पडलं तर? बाबाच्या नावाने आणि पडलेलं नाटक?

मी: तेच तर म्हणतेय. श्रद्धांजलीचा प्रयोग कोणी पडू देत नाही. सगळे आपलेच लोक. कंटाळले तरी उभं राहून टाळ्या वाजवतील, डोळे पुसतील, चहा पिऊन घरी जातील. बाबांना असल्या टाळ्या चालायच्या? स्पर्धेत हरले की पहाटेपर्यंत तुम्हाला घेऊन बसायचे, प्रेक्षक नेमका कुठल्या प्रवेशात सुटला ते शोधत. नाटक पडू शकतं म्हणून तर ते रात्र जागायचे. ती भीती ज्या प्रयोगात नाही, तो त्यांच्या नावावर मला नको.

काकांनी वही मिटली, पण माझ्या हातात दिली नाही.

काका: पैसे दे त्यांना. अटी घालू नकोस, फोटोला हार घालायला लावू नकोस. मला पास पाठवू नकोस, तिकीट काढून येईन. वाईट वाटलं तर मेकअप रूममध्ये जाऊन तोंडावर सांगेन.

मी: सांगा.

काका: आणि हा प्रयोग मी करणारच आहे. तू पैसे दिले नाहीस तरी.