पोच

साखरशेतच्या शाळामास्तराने बँकांच्या महासंगणकांविषयी लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात जे काम करतो, ते ऐकल्यापासून ‘पोच’ या साध्या शब्दाने माझा पिच्छा पुरविला आहे.

१९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हे यंत्र आले, तेव्हा यंत्र आणि त्याच्या चुंबकीय फिती एकाच छताखाली असत. आयबीएमच्या त्या काळच्या जाड केबलींची मजल ४०० फुटांची. पुढे १९९० पासून काचतंतू आले आणि कोठार दूर नेता येऊ लागले. आग लागली, पूर आला, तरी खतावणीची दुसरी प्रत शाबूत राहावी म्हणून. या दोहोंमधल्या पेटीत कायमचा बसविलेला एक निरोप्या असतो, ड्रायव्हर नावाचा. तो हा मुलगा लिहितो.

यंत्र म्हणते, ‘हे लिहून ठेव.’ ‘लिहिले’ अशी पोच येईपर्यंत तो व्यवहार अडून राहतो. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. १०० किलोमीटर जाऊन यायला सेकंदाचा हजारावा भाग. आपल्याला ते काहीच नाही, पण यंत्राची तेवढ्यात मोठी खोटी होते. मग मोह पडतो: माल पलीकडे पोचण्यापूर्वीच पोच द्यावी.

हे असत्य नव्हे काय? तो हसून म्हणाला, “गुरुजी, पेटीला बॅटरी असते. वीज गेली तरी नोंद पुसत नाही. पोच दिली म्हणजे तिने जबाबदारी घेतली.”

मला पटले, पण अर्धेच. रजिस्टर पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले. तरी खिडकीवरची पावती निराळी आणि घेणाऱ्याच्या सहीची पोच निराळी, हे आपण जाणतो. पावती लवकर देण्यात पाप नाही. ती पोच म्हणून खपविण्यात आहे.

शिवाय खरी पोच हवी, तर कोठार जवळ हवे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. तशा पुरात जवळचे कोठारही बुडायचे. म्हणून एक प्रत जवळ, तिची वाट पाहायची. दुसरी फार दूर, ती काही सेकंद मागे राहिली तरी चालवून घ्यायचे. बँकेला हे ठाऊक असते, तिने ते मान्य केलेले असते. पाड्यावरची म्हातारी अंगठा उठवून पैसे ठेवते, तिला कोणी विचारलेले नसते. त्या मागे राहिलेल्या सेकंदांची नोंद तिच्या पासबुकात कुठे करावी, याचे उत्तर त्या मुलाजवळही नव्हते.