निगेटिव्हची वाट

इंजिनाचा कारभार चालवणारा गाडीतला छोटा संगणक, गॅरेजच्या भाषेत ईसीएम, स्वतः काहीच पाहत नाही. तारांवरून येईल तेवढंच त्याचं जग. क्रँकबरोबर एक दातेरी चाक फिरतं. बऱ्याच गाड्यांत ते साठ दातांच्या मापाचं असतं आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. एकेक दात सेन्सरसमोरून गेला की एक ठोका. रिकामी जागा आली की पिस्टन कुठे आहे ते कळतं. मिनिटाला ३००० फेऱ्या म्हणजे सेकंदाला २९०० ठोके. त्यात चार खोटे ठोके घुसले की ठिणगी भलत्याच वेळी पडते, नाहीतर पडतच नाही. मग लातूरहून नांदेडकडे निघालेली गाडी चाकूरच्या पुढे झटके द्यायला लागते आणि ड्रायव्हर म्हणतो, "मिसिंग मारायलीय."

अहमदपूरला गॅरेजपुढे उभी केली की तीच गाडी शहाण्यासारखी चालते, हे ओघानं आलंच. स्कॅनर लावला की कोड येतो पी ०३३५. या कोडचा अर्थ एवढाच, की क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, तार, कपलर, तारेवरची जाळी, अर्थ (निगेटिव्हची जोडणी) सगळं आलं. बदलला जातो तो मात्र सेन्सर.

खोटे ठोके येतात ते विजेच्या खरखरीतून, आणि खरखर ही गोष्ट जुन्या माणसांना सांगायला नको. सकाळी परभणी केंद्र लावलेलं असायचं आणि दारावरून फटफटी गेली की रेडिओ तडतडायचा. ठिणगी पडली की रेडिओ लहर उठतेच. मार्कोनीचे सुरुवातीचे प्रक्षेपक ठिणगीवरच चालत. प्लगला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात, म्हणून ही तडतड दाबायला प्लगच्या आतच रेझिस्टर बसवतात. बऱ्याच कंपन्यांच्या प्लगच्या नंबरात त्याचं 'आर' अक्षर असतं. ते न पाहता साधा प्लग लावला तरी गाडी सुरू होते, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. अल्टरनेटरचा एखादा डायोड गेला तर डीसीत एसीची लहर मिसळते. मल्टीमीटर एसीवर ठेवून चालू गाडीच्या बॅटरीवर लावायचा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर डायोडवर संशय घ्यावा.

पण सगळ्यात जास्त घोळ निगेटिव्हचा, म्हणजे अर्थचा. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात, प्रत्येकाची गर्दी आपापल्या वाटेनं गोलापर्यंत येते. गाडीतला अर्थही असाच हवा: स्टार्टरची वाट वेगळी, सेन्सरची वेगळी, भेट एकाच ठिकाणी. इंजिन आणि बॉडी जोडणारी जाड पट्टी गंजली, किंवा रंगावरच बोल्ट आवळला, की स्टार्टरचा शे-दोनशे अँपिअरचा लोंढा मिळेल त्या बोळातून बॅटरीकडे परततो. त्यातलाच एक बोळ सेन्सरचा. आणि दातेरी चाक तेव्हा नुकतंच फिरायला लागलेलं असतं. चुंबकी सेन्सरचा सिग्नल त्या वेळी जेमतेम एखाद्या व्होल्टचा.

वर आपली हौस. कर्कश हॉर्न, एलईडीच्या पट्ट्या, डिकीतला अ‍ॅम्प्लिफायर. त्यांची काळी तार जवळ दिसेल त्या बोल्टखाली दाबलेली असते, आणि तो बोल्ट नेमका ईसीएमचा निघतो. सेन्सरच्या तारेवरची जाळी साधारणपणे एकाच टोकाला अर्थ करायची असते. एखादा उत्साही कारागीर दोन्ही टोकं जोडून 'पक्कं' काम करतो आणि आवाज अडवायच्या जाळीतूनच करंट वाहू लागतो.

तपासायची रीत फुकट आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारायचा. ०.२ व्होल्टच्या आसपास आकडा असेल तर ठीक. अर्धा-पाऊण व्होल्ट दिसला की बोल्ट काढायचा, खालचा रंग पॉलिश पेपरनं लोखंड चमकेपर्यंत घासायचा आणि परत आवळायचा. फुकट आहे म्हणूनच हे शेवटी होतं, असा मला दाट संशय आहे. पार्टचं बिल करता येतं, घासण्याचं काय करणार? ज्यानं तासभर वाकून तो एक बोल्ट हुडकला, त्याला गिऱ्हाईक विचारतं, "मग नवीन टाकलं काय?" आणि पाचशे रुपये द्यायला त्याचा हात आखडतो. सेन्सरचे दोन हजार त्यानं कुरकुर न करता मोजले असते.